बाळाला जुलाब-उलट्या: ओआरएस टिकत नाही, काय करू?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, माझा मुलगा दीड वर्षाचा आहे, कालपासून जुलाब चालू आहेत आणि आज उलट्याही व्हायला लागल्या. ओआरएस पाजलं की लगेच सगळं बाहेर, म्हणून मी ते बंदच केलं. सासूबाई म्हणतात पोट रिकामं ठेव, आपोआप थांबेल. जुलाब पटकन थांबतील असं काही औषध आहे का? अजून अंगावर पितो, ते चालू ठेवू का?

उत्तर: ताई, ओआरएस बंद करू नका, आधी ते परत सुरू करा. या आजारात बाळाला खरा धोका असतो तो अंगातलं पाणी आणि मीठ कमी होण्याचा, जुलाब किती वेळा झाले यापेक्षा तेवढं परत पोटात जातंय का हे महत्त्वाचं. उलटी झाली की १० मिनिटं थांबायचं आणि मग दर एक-दोन मिनिटांनी एकच चमचा द्यायचा. वाटीभर एकदम पाजलं की उलटी होते, चमच्याचमच्याने बहुतेक वेळा टिकतं, कंटाळवाणं काम आहे पण सलाईन टळतं ते यानेच. प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली जायला हवं. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात अख्खं पाकीट घाला, अर्धं पाकीट अंदाजाने नको, आणि २४ तासांनी उरलेलं टाकून द्या. ओआरएसमधली साखर चवीसाठी नसते, ती आतड्यातून मीठ आणि पाणी आत ओढायला मदत करते, म्हणून प्रमाण चुकवायचं नाही. कोल्ड्रिंक किंवा पॅकेटचा ज्यूस तर नकोच, जास्त साखरेने जुलाब वाढतात.

अंगावरचं दूध चालूच ठेवा, नेहमीचं मऊ जेवणही थोडं थोडं द्या. सासूबाईंची काळजी मी समजू शकते, पण उपाशी ठेवल्याने बाळ अजून अशक्त होतं.

जुलाब थांबवायच्या मोठ्यांच्या गोळ्या या वयात अजिबात नाहीत, आतड्याची हालचाल मंदावून पोट फुगू शकतं. झिंक मात्र डॉक्टरांकडून लिहून घ्या, या वयात रोज २० मिलिग्रॅम, १० ते १४ दिवस, जुलाब थांबले तरी कोर्स पूर्ण करायचा.

आणि हे दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा: सहा-आठ तासांत लघवी नाही, रडताना डोळ्यात पाणी नाही, डोळे खोल गेलेत, बाळ मलूल पडलंय किंवा काहीच पीत नाहीये, शीमध्ये रक्त आहे, उलटी हिरवी होतेय.