नखांवरच्या रेघा: उभ्या की आडव्या, आधी ते बघा

ह्या वेळी नखांचेच इतके प्रश्न आलेत की बाकीचे पुढच्या वेळी घेते.

प्रश्न (शाहूपुरी, वय 64): सगळ्या नखांवर बारीक उभ्या रेघा आल्यात, बोट फिरवलं की जाणवतात. कॅल्शियम कमी झालंय म्हणून दोन महिने गोळ्या खाल्ल्या, काडीचा फरक नाही.

काका, फरक पडणारच नव्हता. नख हाडासारखं कॅल्शियमचं नसतंय, ते केराटिनचं असतं, केसांत जे प्रथिन असतं तेच. आणि ते तयार होतं मुळाशी, चामडीखाली लपलेल्या भागात, त्याला आम्ही मॅट्रिक्स म्हणतो. वय झालं की तिथलं काम सगळीकडे सारखं चालत नाही आणि उभ्या रेघा उठतात, चेहऱ्यावर सुरकुत्या येतात तसंच हे. हाडांसाठी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर चालू ठेवा, नखांसाठी नकोत. कुणी नखांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व सुचवलं आणि घेतलंत तर रक्त तपासायच्या आधी सांगा, त्याने थायरॉइडचे आणि हार्ट अटॅकसाठी करतात त्या ट्रोपोनिनचे रिपोर्ट चुकू शकतात. फाईलने घासून रेघा सपाट करायला जाऊ नका, नख आधीच पातळ होत चाललेलं असतं. रात्री खोबरेल तेल चोळा, बास.

पण एकाच नखावर खोल उभा चर आणि मुळाशी बारीक गाठ, किंवा नखं चिरफाळायला लागलीत आणि मुळाची चामडी नखावर चढत आलीय, असं असेल तर थांबू नका. दुसऱ्या प्रकारात लायकेन प्लॅनस नावाचा त्वचेचा आजार असू शकतो, आणि उशीर झाला तर ते नख परत नीट येत नाही.

प्रश्न (इचलकरंजी, वय 38): तीन महिन्यांपूर्वी डेंगी झाला, अ‍ॅडमिट होते. आता दोन्ही हातांच्या नखांवर मधोमध आडवी खाच पडलीय. आजार अजून आत राहिलाय का?

नाही ताई, आजार गेलाय, त्याची खूण तेवढी वर आलीय. आपल्याकडं ऊस सगळ्यांनी बघितलाय म्हणून तेच सांगते, ज्या दिवसांत पाणी तुटतं त्या दिवसांतली कांडी आखूड राहतात, पुढं कितीही पाणी दिलं तरी ती लांब होत नाहीत, वरची नवी कांडी मात्र चांगली येतात. नखाचंही तसंच. ताप चढला होता तेव्हा मुळाशी काम थांबल्यासारखं झालं आणि तेवढ्या जागेत नख पातळ बनलं. जोसेफ बो ह्या फ्रेंच डॉक्टरांनी 1846 साली ह्याचं वर्णन केलं म्हणून ह्यांना बो लाइन्स म्हणतात.

हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं. मूळ चामडीखाली असल्यामुळं खाच बाहेर दिसायलाच महिना-सव्वा महिना जातो. म्हणजे तीन महिन्यांनी ती मधोमध आलीय हे तुमच्या डेंगीशी बरोबर जुळतंय. अजून दोन-तीन महिन्यांत कापून निघून जाईल. पायाची नखं फार सावकाश वाढतात, तिथं वर्षभर दिसली तरी घाबरू नका. लहान मुलांना हात-पाय-तोंडाचा आजार होऊन गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी असंच होतं, कधीकधी पूर्ण नख सुटून येतं आणि आयांचा जीव घाबरा होतो, पण खालून नवीन नख येतंच. खाच एकाच नखाला असेल तर आजार शोधत बसू नका, दारात बोट चेमटलं होतं का ते आठवा. आणि ताप नाही, आजारपण नाही तरी सगळ्या नखांना परत परत खाचा येत असतील तर दाखवून घ्या.

प्रश्न (राजारामपुरी, वय 23): एमपीएससीचा अभ्यास करायलोय. फक्त दोन्ही अंगठ्यांची नखं पन्हळी पत्र्यासारखी झालीत, मधी खोल चर. बुरशीचं मलम चार महिने लावलं.

मलम आजपासून बंद कर. बुरशी बहुतेक वेळा टोकाकडनं सुरू होते, नख पिवळं, जाड, भुसभुशीत होतं. तू सांगतोयस त्यावरनं मला सवय वाटते. वाचताना शेजारच्या बोटानं अंगठ्याच्या मुळाची चामडी मागं ढकलत, खरवडत असणार, आणि ते तुला कळतही नसणार, घरच्यांना किंवा अभ्यासिकेतल्या मित्राला लक्ष ठेवायला सांग. प्रत्येक ढकलण्यात मुळाला धक्का बसतो आणि एक आडवी रेघ उठते, अशा शिडीसारख्या रेघा वरपर्यंत जातात. अंगठ्याच्या मुळावर कागदी चिकटपट्टी लाव, मेडिकलमध्ये मिळते, ओली झाली की बदल. सहा महिने तरी धीर धर, कारण सुधारलेलं नख मुळापासनं वर यायला तेवढा वेळ लागतोच. परीक्षेच्या ताणात सवय वाढली तर स्वतःवर चिडू नकोस, पट्टी परत लाव.

प्रश्न (हुपरी, वय 31): नखं मधी खोलगट झालीत, पाण्याचा थेंब थांबतो. दम लागतो.

ही चमच्यासारखी नखं लोह कमी झाल्याची खूण असू शकते. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासून घ्या, आणि पाळीत रक्त जास्त जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, लाजू नका. जेवणावर लगेच चहा नको, चहानं लोह अंगी लागत नाही.

प्रश्न (कागल, वय 52): उजव्या अंगठ्यावर एकच काळपट उभी रेघ आहे, वर्षभरात रुंद झालीय. दुखत नाही.

दुखत नाही म्हणून सोडू नका. आपल्या सावळ्या कातडीत अनेक नखांवर अशा तपकिरी रेघा असतात आणि त्या बहुतेक निरुपद्रवी असतात. मार लागून रक्त साकळलं असेल तर तो डाग नखाबरोबर पुढं सरकतो. पण तुमची एकाच नखावर आहे, नवीन आहे आणि रुंद होत चाललीय. तो काळेपणा मुळाच्या चामडीवर उतरलाय का तेही उजेडात बघा. ह्यात मेलानोमा म्हणजे एक कॅन्सर असू शकतो, दरवेळी असतोच असं नाही, पण बघूनच ठरवावं लागतं, कधी बारीक तुकडा काढून तपासतात. ह्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाकडं जा, कोल्हापूरच्या सीपीआर ह्या सरकारी दवाखान्यातही हा विभाग आहे, आणि जाताना अंगठ्याचा जुना फोटो मोबाईलमध्ये असेल तर तो घेऊन जा.