दयाळाचा दयेशी संबंध काय?

प्रश्न असा आहे: नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर दगडावर बसलेला, शेपटी उभी धरलेला एक काळा पक्षी दिसला. सोबतचा एक जण म्हणाला ‘दयाळ’, दुसरा म्हणाला ‘चिरक’. बरोबर कोण? आणि ‘दयाळ’ म्हणजे दयाळू का?

आधी शब्दाचं बघू. ‘दीनदयाळ’मधला दयाळ दयेवरून आलेला, पक्ष्याचा दयाळ निराळा. याच पक्ष्याला हिंदीत दहियर किंवा दहियल म्हणतात, बंगालीत दोयेल. बांगलादेशाचा तो राष्ट्रीय पक्षी. हिंदीतल्या ‘ल’च्या जागी मराठीत ‘ळ’ असणं नेहमीचंच (फल-फळ, काजल-काजळ), आणि मधला ‘ह’ बोलताना सहज गळतो. आपल्या नागपुरात ‘राहिला’चा ‘रायला’ दिवसभर कानावर पडतोच की! तेव्हा ही सगळी एकाच घरातली नावं असावीत, आणि मराठीत ‘दयाळ’ हा ओळखीचा शब्द आयता होता म्हणून नाव त्या रूपात स्थिरावलं असावं, असं मला वाटतं. स्वभावात म्हणाल तर दयामाया काही नाही. विणीच्या दिवसांत नर दुसऱ्या नराला आपल्या हद्दीत फिरकू देत नाही.

दयाळ नराचं डोकं, पाठ, छाती काळी कुळकुळीत, पोट पांढरं, पंखावरचा लांब पांढरा पट्टा बसल्या जागीही स्पष्ट दिसतो. मादीत काळ्याऐवजी राखाडी. चिरक त्याहून लहान. नराचं पोटही काळंच, पांढरा डाग फक्त खांद्याशी, तोही उडताना जास्त चमकतो. मादी मातकट, तिला डाग नाही. पण शेपटीखालचा तांबूस रंग दोघांनाही, आणि शेपटी सारखी वर असल्यानं तो लपत नाही.

गाण्यात मात्र दयाळ राजा. मार्च ते जून पहाटे उंच फांदीवरून लांबलचक शीळ घालतो. हिवाळ्यात नुसती घशातली खरखर, त्यामुळे तेव्हा कानावर विसंबू नका.

नावं दोन्ही पुल्लिंगी. ‘दयाळाची मादी’ म्हणावं. ‘दयाळीण’ कुठेतरी वाचलं, कृपया नको.

उघड्यावरचा दगड, पांढऱ्या पोटाचा उल्लेख नाही. तुमचा तो चिरकच.