टोकियोत एकच दिवस मोकळा आहे, सोबत शाकाहारी आई-बाबा आहेत (अंडंही चालत नाही). खरेदी-खाण्यासाठी शिबुयाला जावं की उएनोला?

उएनोला जा. मी चार वर्षं शेजारच्या ओकाचिमाचीत राहिलो, आणि माझे आई-बाबा आले तेव्हा हाच प्रश्न माझ्यापुढेही होता. शिबुयात तरुण पोरं रमतात. सत्तरीच्या माणसांना तिथे गर्दी तेवढी दिसते, बसायला जागा मिळत नाही.

सकाळी दहाच्या सुमारास काप्पाबाशीपासून सुरुवात करा. उएनोहून चालत पंधरा-वीस मिनिटं. रस्ताभर हॉटेलवाल्यांना लागणाऱ्या भांड्यांची दुकानं आहेत आणि कोपऱ्यावरच्या इमारतीवर आचाऱ्याचं भलंमोठं डोकं बसवलंय, त्यामुळे चुकायला होत नाही. आईसाठी भाजी चिरायची सुरी इथेच घ्या. रविवारी बरीच दुकानं बंद असतात. आणि सुरी परतताना चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातल्या सामानात नको.

दुपारी जेवायला ओकाचिमाची. हा दागिन्यांचा आणि रत्नांचा बाजार आहे, इथे भारतीय व्यापारी खूप, त्यात जैन बरेच. त्यामुळे डाळ-भात, डोसा असं निखळ शाकाहारी जेवण आसपास मिळतं. जपानी जेवणात अडचण मांसाची कमी आणि ‘दाशी’ची जास्त. सूप, रस्सा, भाजी शिजवायचं पाणी, सगळ्यात हा अर्क असतो आणि तो बहुधा कात्सुओबुशीचा, म्हणजे सुकवलेल्या माशाचा. “नुसत्या भाज्या आहेत गं,” असं म्हणत मी आईला वाडगाभर उदोन (जाड नूडल्स) खाऊ घातलं होतं. तिने शेवटच्या थेंबापर्यंत रस्सा प्यायला. दाशीचं मला नंतर कळलं आणि त्याची खंत अजून आहे. म्हणून हे वाक्य पाठ करा: “कात्सुओबुशी हाइत्तेमासु का?” कात्सुओबुशी आहे का, एवढंच विचारायचं.

गोड खायला उएनोत ‘मिहाशी’ आहे, 1948 पासूनचं. तिथलं आन्मित्सु मागवा: चायनाग्रासचे पारदर्शक चौकोन, फळं, वर लाल चवळीसारख्या अझुकी दाण्यांचं गोड पुरण आणि काळ्या गुळासारखा पाक. माझ्या बाबांनी दुसरी वाटी मागवली होती.

मग आमेयोको. उएनो आणि ओकाचिमाची यामानोते लाईनवरची लागोपाठची स्टेशनं, अंतर जेमतेम 600 मीटर. रुळांना खेटून हा बाजार पसरलाय, साधारण चारशे दुकानं. युद्धानंतर इथे काळा बाजार होता. ‘आमे’ म्हणजे साखरेच्या गोळ्या, त्यावरून नाव पडलं असं काहीजण सांगतात. काहीजण म्हणतात, अमेरिकन मालावरून. मासळीवाले घसा फोडून ओरडत असतात. चॉकलेटवाला हजार येनच्या पिशवीत एक पुडा टाकतो, मग दुसरा, मग “हा पण!” म्हणत तिसरा, पिशवी फुटेस्तोवर. जपानी शांततेत चार दिवस काढलेली आई इथे एकदम खुलली. सुकामेवा, चहा, बूट, बॅगा इथेच घ्या, नोटा सोबत ठेवा. काठीला टोचलेली खरबुजाची फोड दुकानापाशीच उभं राहून खा. चालत खाणं बरं दिसत नाही आणि कचऱ्याचा डबा शोधूनही सापडत नाही.

चारच्या आत शिनोबाझु तळ्यावर पोचा. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर तळ्याचा एक अख्खा भाग कमळांनी भरलेला असेल, पण फुलं सकाळी उमलतात हे लक्षात ठेवा. मधल्या देवळात बेंझाइतेन आहे, म्हणजे आपली सरस्वती. भारतातून चीनमार्गे जपानला गेलेली. आई-बाबांना आधी काही सांगू नका, हात जोडल्यावर सांगा. देवळाच्या आवारात दगडी स्मारकं आहेत: एक चष्म्यांचं, एक स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांचं. राबून झिजलेल्या सुरीचे आभार मानायचे. आई तिथे थांबली, पिशवीतून सकाळची नवी सुरी खोक्यासकट काढून दगडासमोर धरली आणि म्हणाली, “खंडेनवमीला हिलाही मांडू.”