फ्लास्क ॲप लॅपटॉपवर नीट चालतं, सर्व्हरवर मात्र ५०२ येतो आणि एसएसएच बंद केलं की थांबतं. कुठून तपासायला सुरुवात करू?

तुम्ही विचारलेलं थोडक्यात असं : सदाशिव पेठेतल्या एका मेससाठी डब्यांची नोंदणी घेणारं छोटं ॲप तुम्ही फ्लास्क या पायथनच्या वेब लायब्ररीत विंडोज लॅपटॉपवर लिहिलंत. उबुंटूच्या भाड्याच्या सर्व्हरवर टाकल्यावर आधी ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ आलं. ते मिटलं तर ५०२, म्हणजे ‘बॅड गेटवे’ ही चूक. एसएसएचची, म्हणजे सर्व्हरवर दुरून लॉगिन करायची, खिडकी मिटली की ॲप बंद. मध्येच ‘नो सच टेबल’. आणि सकाळी १० ला थांबायला हवी ती नोंदणी दुपारी साडेतीनपर्यंत चालूच राहते.

हे पाच निरनिराळे दोष आहेत आणि ते एकाच वेळी दुरुस्त करायला गेलात तर कशानं काय सुटलं हे कळणारच नाही. ब्राउझरमधून निघालेली विनंती आधी डोमेनवरून आयपी पत्ता शोधते, मग फायरवॉल ओलांडते, मग एनजिनएक्स (बाहेरची विनंती घेऊन आत पाठवणारा वेब सर्व्हर), मग जीयुनिकॉर्न (तुमचा पायथन कोड चालवणारा सर्व्हर), मग तुमचा कोड आणि शेवटी डेटाबेस. तपासणी याच्या उलट, आतून बाहेर करायची. सर्व्हरवर लॉगिन करून तिथूनच कर्लनं (टर्मिनलमधून विनंती पाठवणारी आज्ञा) १२७.०.०.१ च्या, म्हणजे त्याच मशीनच्या, ८००० पोर्टला विचारा. उत्तर आलं तर कोड आणि जीयुनिकॉर्न ठीक आहेत. मग तिथूनच ८० पोर्टला विचारा, म्हणजे एनजिनएक्स कळेल. शेवटी मोबाइल डेटावरून बाहेरून बघा. हिंजवडी-खराडीतल्या ऑफिसच्या नेटवर्कवरून हे शेवटचं तपासू नका, कारण कंपन्यांच्या फायरवॉल अनोळखी पोर्ट बहुधा अडवतात आणि दोष नसलेल्या सर्व्हरवर तुम्ही संध्याकाळ घालवाल.

‘मॉड्यूल नॉट फाउंड’ तुमचं मिटलं आहे, पण ते ‘सुडो पिप’ (ॲडमिन म्हणून पायथनच्या लायब्ररी टाकणारी आज्ञा) लावून मिटवलं असेल तर ते परत येणार. कारण जवळपास नेहमी एकच असतं : पिपनं लायब्ररी एका पायथनमध्ये टाकली आणि ॲप चालवलं दुसऱ्यानं. म्हणून नुसतं ‘पिप इन्स्टॉल’ लिहायचं नाही, ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल’ लिहायचं. म्हणजे ज्या पायथनवर ॲप चालणार त्यातच लायब्ररी जाते. उबुंटू २४.०४ मध्ये पायथन ३.१२ येतो आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटशिवाय (वेन्व्ह, म्हणजे एका प्रकल्पापुरती पायथनची वेगळी जागा) पिप चालवलं की ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ असं सांगून तो नकार देतो. तो नकार योग्य आहे, कारण उबुंटूची स्वतःची काही साधनं त्याच पायथनवर चालतात. ‘ब्रेक सिस्टम पॅकेजेस’ हा पर्याय त्या संदेशातच सुचवलेला असला तरी वापरू नका. ॲप्टनं (उबुंटूवर पॅकेज टाकायचं साधन) ‘पायथन३-वेन्व्ह’ टाका, प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये नवं एन्व्हायर्नमेंट करा आणि रिक्वायरमेंट्सच्या फाइलवरून त्यात सगळं भरा.

लॅपटॉपवरचं वेन्व्ह फोल्डर उचलून सर्व्हरवर टाकलं असेल तर ते पुसून टाका. त्यात पूर्ण पत्ते कोरलेले असतात, शिवाय विंडोजवर आतलं फोल्डर ‘स्क्रिप्ट्स’ आणि लिनक्सवर ‘बिन’. ‘पिप फ्रीझ’नं काढलेल्या यादीत ‘पायविन३२’ किंवा विंडोजपुरतं दुसरं काही आलं असेल तर ती ओळ काढा. इम्पोर्टचं नाव आणि पॅकेजचं नाव नेहमी एक नसतं हेही लक्षात असू द्या. कोडमध्ये ‘डॉटएन्व्ह’ लिहितो, पण इन्स्टॉल ‘पायथन-डॉटएन्व्ह’ करावं लागतं. आणि तुमच्या कुठल्याही फाइलला फ्लास्क हेच नाव देऊ नका, नाहीतर पायथन खऱ्या लायब्ररीऐवजी तुमचीच फाइल उघडतो आणि ‘पार्शली इनिशियलाइज्ड मॉड्यूल’ अशी गोंधळात टाकणारी चूक दाखवतो.

विंडोजहून लिनक्सवर जाताना आणखी एक गोष्ट हमखास नडते. विंडोजला फाइलनावातलं लहान-मोठं अक्षर सारखंच, लिनक्सला नाही. ‘टेम्प्लेट्स’ फोल्डरचं पहिलं अक्षर मोठं लिहिलं असेल तर लॅपटॉपवर पान दिसतं आणि सर्व्हरवर ‘टेम्प्लेट नॉट फाउंड’.

आता ५०२. ५०० म्हणजे विनंती तुमच्या कोडपर्यंत पोचली आणि तिथे अपवाद (एक्सेप्शन) उडाला. ५०२ म्हणजे एनजिनएक्स फाटकावरच्या वॉचमनसारखा जागेवर आहे, पण आतून कोणी दारच उघडत नाही. म्हणून ५०२ दिसल्यावर एनजिनएक्सची सेटिंग बदलत बसू नका. त्याची एरर लॉग उघडून शेवटची ओळ वाचा, ती नेमकं सांगते. त्यात १११ आकडा आणि ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असेल तर जीयुनिकॉर्न चालू नाही किंवा दुसऱ्याच पोर्टवर ऐकतो आहे. फ्लास्कचा स्वतःचा सर्व्हर ५००० वर असतो, जीयुनिकॉर्न ठरवलं नाही तर ८००० वर; एनजिनएक्समध्ये ५००० राहिलेला असणं हे नवख्यांच्या ५०२ चं नेहमीचं कारण. २ आकडा आणि ‘नो सच फाइल’ असेल तर सॉकेटची फाइल (पोर्टऐवजी एनजिनएक्स आणि जीयुनिकॉर्न जिच्यातून बोलतात ती) त्या जागी नाही. १३ आणि ‘परमिशन डिनाइड’ असेल तर सॉकेट आहे, पण एनजिनएक्स ज्या ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या युजरनं चालतो त्याला तिथवर जाता येत नाही. उबुंटूत २१.०४ पासून नव्या युजरचं होम फोल्डर ७५० परवानगीनं तयार होतं, म्हणजे बाहेरच्याला आत डोकावताही येत नाही. सीएसएस आणि चित्रांना ४०३ (प्रवेश नाकारला) येतो तोही बहुतेक वेळा यामुळेच. उपाय म्हणून सगळ्याला ७७७ (कोणालाही सगळं करायची परवानगी) देऊ नका. प्रकल्प ‘/एसआरव्ही’ किंवा ‘/व्हार’मधल्या ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’खाली हलवा, मालकी नीट लावा, प्रश्न मुळातून जातो.

लॉगमध्ये ‘अपस्ट्रीम प्रीमॅच्युअरली क्लोज्ड’ दिसलं तर गोष्ट वेगळी आहे : जीयुनिकॉर्न होता, पण काम करता करता त्याचा वर्कर (विनंत्या हाताळणारी प्रक्रिया) मेला. मग जीयुनिकॉर्नची लॉग बघा. ‘वर्कर टाइमआउट’ असेल तर एका विनंतीला ३० सेकंदांहून जास्त लागले, कारण तेवढी त्याची मूळ मर्यादा आहे. ‘सिगकिल’ आणि ‘आउट ऑफ मेमरी’ असा संशय छापला असेल तर सर्व्हरची रॅम संपली. नेहमीचं सूत्र आहे कोअरची दुप्पट अधिक १ इतके वर्कर, पण १ जीबी रॅमच्या सर्व्हरवर पांडास ही डेटा हाताळायची जड लायब्ररी इम्पोर्ट करणारं ॲप असेल तर २ वर थांबा. मेसच्या डब्यांना २ पुष्कळ झाले. पाच-पन्नास ओळींच्या बेरजेसाठी पांडास ठेवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

जीयुनिकॉर्न सुरू होतानाच पडत असेल तर ‘ॲप:ॲप’ या जोडीकडे बघा. कोलनच्या आधी फाइलचं नाव, पुढे त्या फाइलमधल्या फ्लास्क ऑब्जेक्टच्या व्हेरिएबलचं नाव. तुमची फाइल ‘मेन’ नावाची असेल तर ‘मेन:ॲप’. आणि जीयुनिकॉर्न विंडोजवर चालत नाही, त्यामुळे लॅपटॉपवर तो तपासायचा असेल तर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजमधलं लिनक्स) तपासा, नाहीतर तिथे वेट्रेस हा तसाच दुसरा सर्व्हर वापरा.

खिडकी मिटल्यावर ॲप बंद पडतं, कारण ते तुमच्या लॉगिनचंच अपत्य असतं. ‘नोहप’ किंवा ‘स्क्रीन’ या आज्ञा लावून ते तग धरतं, पण सर्व्हर रीस्टार्ट झाला की पुन्हा गायब, तेही नेमकं डब्यांच्या वेळेला. सिस्टमडीची (लिनक्सवर सेवा सुरू करून चालू ठेवणारी यंत्रणा) सर्व्हिस फाइल करा. तिच्यात चार गोष्टी महत्त्वाच्या : कोणत्या युजरनं चालवायचं, वर्किंग डिरेक्टरी कोणती, जीयुनिकॉर्नचा वेन्व्हमधला पूर्ण पत्ता आणि ‘रीस्टार्ट=ऑलवेज’. पूर्ण पत्ता दिला की वेन्व्ह ॲक्टिव्हेट करायची गरज राहत नाही. फाइल बदलल्यावर ‘डेमन-रीलोड’, मग ‘एनेबल’ आणि ‘रीस्टार्ट’. सर्व्हिसचं नाव ‘डबा’ ठेवलंत तर ‘जर्नलसीटीएल -यू डबा -एन ५०’ शेवटच्या ५० ओळी दाखवेल. स्टेटसमध्ये २०३ दिसलं तर पत्ता चुकला आहे किंवा ती फाइल चालवण्याजोगी नाही.

सिक्रेट की किंवा डेटाबेसचा पासवर्ड तुम्ही ‘बॅशआरसी’ या टर्मिनलच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एक्सपोर्ट केला असेल तर सिस्टमडीला तो दिसत नाही. हातानं चालवलं की चालतं आणि सर्व्हिस म्हणून पडतं, याचं बहुतेक वेळा हेच कारण असतं. ‘एन्व्हायर्नमेंटफाइल’ म्हणून वेगळी फाइल द्या, तिची परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा आणि ती गिटमध्ये कधीही टाकू नका. त्याच बरोबर ‘डीबग=ट्रू’ सर्व्हरवर ठेवू नका, ही विनंती नाही, आग्रह आहे. चूक झाल्यावर फ्लास्कच्या डीबगरचं जे पान उघडतं त्यातून सर्व्हरवर हवा तो पायथन कोड चालवता येतो. पिन असतो, पण मेसच्या मुलांचे फोन नंबर आणि पत्ते त्या एका पिनच्या भरवशावर ठेवायचे नाहीत.

बाहेरून उघडत नसेल तर ब्राउझर काय म्हणतो ते नीट वाचा. लगेच ‘रिफ्यूज्ड’ आलं म्हणजे मशीन गाठलं, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. बराच वेळ फिरून ‘टाइम्ड आउट’ आलं म्हणजे फायरवॉलनं विनंती गिळली. फायरवॉल दोन असू शकतात : सर्व्हरवरची यूएफडब्ल्यू आणि क्लाउड कंपनीच्या पॅनेलमधली. दोन्हीकडे ८० आणि ४४३ उघडा, ८००० मात्र उघडू नका. यूएफडब्ल्यू चालू करण्याआधी एसएसएचला परवानगी द्या, नाहीतर स्वतःलाच बाहेर ठेवून बसाल. एचटीटीपीएससाठी घेतलेलं लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र मुळात ९० दिवसांचं असतं. सर्टबॉट ते आपोआप वाढवतो, पण एनजिनएक्सच्या प्लगइननं घेतलं असेल तर नूतनीकरणाच्या वेळीही ८० पोर्ट उघडा लागतो.

‘नो सच टेबल’ हे फसवं आहे. टेबल हरवलेलं नसतं, तुम्ही दुसरीच फाइल उघडलेली असते. एसक्यूलाइटला (एकाच फाइलमध्ये राहणारा डेटाबेस) ‘डबा.डीबी’ असा अपुरा पत्ता दिला की ॲप ज्या फोल्डरमधून सुरू झालं तिथे तो फाइल शोधतो, आणि नाही मिळाली तर काही न बोलता नवी, रिकामी फाइल तयार करतो. हातानं एका फोल्डरमधून चालवलंत आणि सर्व्हिसनं दुसऱ्यातून, की दोन डेटाबेस झाले. पूर्ण पत्ता द्या. तो ‘रीडओन्ली डेटाबेस’ म्हणाला तर फाइलइतकीच तिच्या फोल्डरलाही लिहिण्याची परवानगी लागते, कारण शेजारी जर्नलची फाइल बनते. सर्व्हरऐवजी पुढे हेरोकू किंवा रेंडरसारखी तयार होस्टिंग सेवा घ्यायचा विचार असेल तर तिथल्या साध्या डिस्कवर एसक्यूलाइट ठेवू नका. प्रत्येक नव्या डिप्लॉयला ती डिस्क कोरी होते. तिथे पोस्टग्रेस हा वेगळा चालणारा डेटाबेस घ्या. बॅकअपसाठी चालू फाइलची नुसती कॉपी घेऊ नका, एसक्यूलाइटची ‘.बॅकअप’ ही आज्ञा वापरा.

वेळेचं गणित सोपं आहे. भाड्याचे सर्व्हर सहसा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असतात आणि आपण त्यांच्यापेक्षा ५ तास ३० मिनिटं पुढे. कोडमधले १० म्हणजे तिथले १०, आपले साडेतीन. यातून दुसराही दोष निघतो, जो तुम्हाला अजून दिसला नसेल : रात्री १२ ते पहाटे साडेपाचच्या दरम्यान नोंदवलेला डबा आदल्या दिवसाच्या यादीत जातो. उपाय म्हणून साडेपाच तास हातानं मिळवू नका, कारण कधीतरी ते दोनदा मिळवले जातात. पायथन ३.९ पासून झोनइन्फो हे टाइमझोनचं मॉड्यूल आहे. त्यातून ‘एशिया/कोलकाता’ घेऊन ‘नाऊ’ला द्या, साठवताना यूटीसीत साठवा आणि दाखवताना बदला. विंडोज लॅपटॉपवर यासाठी ‘टीझेडडेटा’ पॅकेज वेगळं टाकावं लागतं. ‘ऑफसेट-नाइव्ह’ आणि ‘ऑफसेट-अवेअर’ यांची तुलना होत नाही अशी चूक आली तर कुठेतरी एक जुना, झोन नसलेला ‘नाऊ’ उरलाय, तो शोधा. ठरलेल्या वेळी कामं चालवणारा क्रॉनही सर्व्हरच्याच घड्याळावर चालतो, म्हणून सकाळी ८ ची आठवण पाठवायची तर तिथे पहाटे २:३० लिहा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण नावं मराठीत असणार म्हणून सांगतो. फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्वतः लिहा. विंडोजवर पायथन मुळात दुसरंच एन्कोडिंग धरतो आणि ‘भेंडी’, ‘मटकी’चा मेनू एकतर चिन्हांचा कचरा होतो किंवा ‘चारमॅप’ची चूक येते. मेसच्या काकूंना एक्सेलमध्ये उघडायची सीएसव्ही देणार असाल तर ती ‘यूटीएफ-८-सिग’मध्ये लिहा, नाहीतर एक्सेल देवनागरी बिघडवून दाखवू शकतो.

यानंतरही अडलं तर इथेच तीन गोष्टी चिकटवा : जर्नलसीटीएलच्या शेवटच्या ५० ओळी, एनजिनएक्सच्या एरर लॉगची शेवटची ओळ आणि सर्व्हरवरूनच ८००० पोर्टला केलेल्या कर्लचं उत्तर. स्क्रीनशॉट नको, मजकूर हवा. पासवर्ड, सिक्रेट की आणि गिऱ्हाइकांचे नंबर त्याआधी खोडा.