जुन्या रॅली मिनीसाठी ल्यूकस या ब्रिटिश कंपनीचा अस्सल टॉगल (दांड्याचा) स्विच कसा ओळखायचा?

१९६४ सालच्या मिनी कूपरच्या डॅशबोर्डसाठी विचारताय, तर भाऊ, आधी स्विच उलटा करा. खरी ओळख मागेच असते. अस्सल ल्यूकसवर पत्र्यात ठोकलेलं नाव, '५७एसए'सारखा मॉडेल क्रमांक, पाच आकडी पार्ट नंबर आणि बऱ्याचदा महिना-वर्ष सापडतं. '३ ६४' म्हणजे मार्च १९६४. छापलेली किंवा लेझरने कोरलेली अक्षरं दिसली की माल बहुधा नवा. गाडी ६४ची आणि स्विच ७१चा, तर अस्सल असूनही चुकीचाच.

नागपूरच्या इतवारी बाजारात जुना स्विच मिळाला तरी चमक पाहून भुलू नका; पॉलिश कोणीही करतं. दांडा 'टक्' करून बसायला हवा. दांडा चालू स्थितीत असताना मल्टिमीटरवर रोध जवळपास शून्य यावा. हलवताना आकडा नाचला तर आतले संपर्क मळलेत किंवा जळालेत. नागपूरच्या उन्हात बंद गाडीत ग्रीस सुकतं, दांडा अडकतो.

५५ वॅटचे दोन रॅली दिवे साधारण ९ अँपिअर ओढतात. ते थेट स्विचवर टाकू नका, मध्ये फ्यूज आणि रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) घाला. साठ वर्षांचा स्विच एका रात्रीत जाळण्यात काय मजा?