गाठ मोठी दिसतेय, आता ऑपरेशन?

प्रश्न: बाबांच्या कानाच्या नसेवर गाठ होती, कॅन्सरची नाही, गेल्या वर्षी मुंबईला गॅमा नाईफ (चिरफाड न करता गाठीवर रेडिएशनचा नेमका मारा) केलं. आता एमआरआयमध्ये ती मोठी दिसतेय. लगेच ऑपरेशन करायचं का? – एक वाचक, देवगड

उत्तर: घाई नको हो. रेडिएशननंतर ही गाठ आधी फुगते नि मग आकसते असं बऱ्याचदा होतं, सूज दोन-तीन वर्षंसुद्धा राहू शकते, त्यामुळे एका रिपोर्टवर ठरवू नका, जुन्या सगळ्या सीडी पिशवीत घालून न्या आणि शेजारी शेजारी लावून बघायला सांगा. सलग वाढतच असेल तर मात्र काढावी लागते. तेव्हा खरी अडचण चेहऱ्याच्या नसेची, रेडिएशनमुळे गाठ तिला फणसाच्या चिकासारखी चिकटलेली असू शकते, म्हणून अनुभवी सर्जन गाठीचा नसेवरचा पातळ पापुद्रा कधी कधी मुद्दाम ठेवतात आणि पुढे एमआरआय करत राहतात. मला विचाराल तर तोंड वाकडं होण्यापेक्षा तेच बरं. त्या कानाचं ऐकू येणं बहुतेक जातंच. रेडिएशन झालेल्या अशा केसेस किती केल्यात हे सर्जनना बिनधास्त विचारा, राग आला तर येऊ दे. आणि डोकेदुखी, उलट्या, चालताना झोक जाणं वाढलं तर आंब्याचा सीझन आहे म्हणून थांबू नका, मेंदूत पाणी साठलेलं असू शकतं.