योकोहामातील अमेरिकी इंधनसाठा: जमीन कोणाची, ताबा कोणाचा?

आपण विचारले आहे, की योकोहामात आन्झेन स्थानकाला लागून तेलाच्या वाघिणींची रांग आणि कुंपणावर अमेरिकी लष्कराची पाटी दिसली. दुसऱ्या देशाच्या सैन्याचा इंधनसाठा भर शहरात कसा, ती जमीन कोणाची, आणि उद्या आग लागली तर भरपाई कोण देणार? मी अनेक वर्षे याच भागात राहत आहे आणि हा विषय मला जिव्हाळ्याचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रथम एक दुरुस्ती. ‘आन्झेन’ म्हणजे ‘सुरक्षा’ असे आपण लिहिले आहे. उच्चार तोच असला, तरी हे नाव यासुदा झेन्जिरो या बँकमालकाच्या नावातील अक्षरांवरून आले आहे. आसानो सोइचिरो या उद्योजकाने विसाव्या शतकाच्या आरंभी येथे समुद्रात भराव घालून कारखान्यांसाठी जमीन तयार केली, तेव्हा पैसा यासुदांनी पुरवला. आज ज्या फाट्यावर या वाघिणी भरल्या जातात, तेथे १९२६ मध्ये उघडलेल्या स्थानकाचे नावच ‘सेकियू’, म्हणजे ‘पेट्रोलियम’, असे होते. म्हणजे तेल येथे आधीपासूनच होते. १९४५ च्या पराभवानंतर अमेरिकी सैन्याला धक्के, टाक्या आणि रूळ आयते मिळाले आणि त्यांनी ते ताब्यात घेतले.

त्सुरुमी नावाच्या या साठ्याची जमीन जपानचीच आहे. १९६० च्या अमेरिका-जपान सुरक्षा कराराबरोबर जो सैन्यदर्जा करार (जपानमधील अमेरिकी सैन्याचे हक्क ठरवणारा) झाला, त्याच्या दुसऱ्या कलमाने अशा जागा वापरायला दिल्या जातात आणि तिसऱ्या कलमाने कुंपणाच्या आतील व्यवस्थापनाचा अधिकार अमेरिकेकडे जातो. आपल्या प्रश्नाचे मर्म माझ्या मते या तिसऱ्या कलमात आहे. आगीचा धोका तर शेजारच्या खासगी टाक्यांनाही आहे. मुंबईतील माहूलच्या टाक्यांजवळ राहणाऱ्यांना तो वेगळा सांगायला नको. परंतु खासगी टाकीची तपासणी शहराचे अग्निशमन खाते कायद्याने करू शकते, या सुमारे १८ हेक्टरच्या आवारात मात्र तसा हक्क त्याला नाही. भरपाईचे उत्तर अठराव्या कलमात आहे: अमेरिकी सैन्याकडून कर्तव्य बजावताना नुकसान झाले आणि जबाबदारी फक्त त्यांची असली, तर ७५ टक्के रक्कम अमेरिका आणि २५ टक्के जपान देतो, आणि मागणी जपान सरकारकडेच करायची असते.

आपण पाहिलेली गाडी बहुधा टोकियोजवळच्या योकोता या अमेरिकी हवाई तळाला जाणारी होती. जहाजातून आलेले जेट इंधन टाक्यांत साठवले जाते, वाघिणींत भरले जाते, आणि जपानी मालवाहतूक कंपनीचे इंजिन ती गाडी नान्बू मार्गाने दाट वस्तीतून तळाजवळच्या हाइजिमा स्थानकापर्यंत नेते. रेल्वेवेडे लोक तिला ‘बेइतान’ म्हणतात. ‘बेइ’ म्हणजे अमेरिका, ‘तान’ म्हणजे टाकी. आन्झेनच्या अरुंद, निर्मनुष्य फलाटावर उभे राहिले, की हिरव्या-करड्या टाक्या अगदी जवळून दिसतात आणि जोडणीचे धक्के एकामागून एक पुढे सरकताना ऐकू येतात. पूर्वी अशा गाड्या टोकियोतील शिन्जुकू स्थानकावरून जात. ८ ऑगस्ट १९६७ च्या पहाटे तेथे अशाच एका गाडीला चुनखडी वाहणाऱ्या मालगाडीची धडक बसली आणि इंधन पेटले. व्हिएतनाम युद्धाच्या त्या काळात या गाड्यांविरुद्ध जनमत किती तापले होते, ते पुढच्या वर्षी, २१ ऑक्टोबर १९६८ ला शिन्जुकू स्थानकात उसळलेल्या दंगलीवरून कळते.

याच शहराच्या दक्षिणेला, कानाझावा विभागात, कोशिबा हा दुसरा साठा होता. तो मूळचा जपानी आरमाराचा, टाक्या जमिनीखाली. १३ ऑक्टोबर १९८१ रोजी तेथील एका टाकीत स्फोट होऊन आग लागली आणि आसपासच्या रहिवाशांना घरे सोडावी लागली. ऑक्टोबर २००४ मध्ये योकोहामातील काही जागा परत करण्याचे ठरले आणि डिसेंबर २००५ मध्ये कोशिबा जपानला परत मिळाले. पण सैन्यदर्जा कराराच्या चौथ्या कलमानुसार जागा पूर्ववत करून देण्याचे बंधन अमेरिकेवर नाही, त्यामुळे रिकाम्या टाक्या तशाच शहराच्या पदरी पडल्या. ऑगस्ट २०२० मध्ये उद्यानाचे काम चालू असताना एक उत्खनन यंत्र चालकासह सुमारे ३० मीटर खोल टाकीत कोसळले आणि तो कामगार दगावला. सैन्य जाऊन तेव्हा जवळजवळ १५ वर्षे झाली होती. भरपाईविषयी विचारताना आपल्या मनात फक्त आग होती, म्हणून ही घटना मुद्दाम सांगितली.

कोशिबाचा काही भाग २०२१ पासून उद्यान म्हणून खुला आहे, तो जरूर पाहावा. त्सुरुमीचे नाव मात्र २००४ च्या त्या यादीत नव्हते.